सावलीच्या मागे, मालवण ते दादर (घरशाळा, मे महिना आणि एसटी)

अंगणवेडी | १७ मे, रात्री ११:०५

बिल्डिंगमधल्या पोरांच्या परीक्षा संपल्या, दप्तरं माळ्यावर गेली, खाली क्रिकेट सुरू झालं. त्या रात्री जेवताना आमच्या धाकट्याने (वय ९) विचारलं, "मला सुट्टी कधी लागणार?" लेक (१२ व्हायला दोन महिने) म्हणाली, "तुला शाळाच नाही तर सुट्टी कसली?" पुढचा अर्धा तास काय झालं ते लिहीत नाही. वरणाची वाटी भिंतीपर्यंत पोचली एवढं सांगते.

जुन्या मंडळींना माहीत आहे, आमच्या घरशाळेचं (मुलं शाळेत न जाता घरीच शिकतात) हे चौथं वर्ष. राहतो दादरला. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि ही दोघं. नवरा नोकरी करतो, मी सोडली. त्यावरची भांडणं मागच्या धाग्यात यथेच्छ झालीयेत, इथे नकोत.

धाकट्याच्या मते सुट्टी म्हणजे गावाला जाणं, आणि त्यात चूक काही नव्हती. सासूबाईंचं माहेर मालवणजवळ. जायचं ठरतच होतं, तेवढ्यात लेक पेपरातलं कात्रण घेऊन आली. मुंबईत १५ मेला दुपारी १२:३५ ला शून्य सावली. सूर्य बरोब्बर डोक्यावर, उभ्या काठीची सावली गायब. तिचा प्रश्न होता, "पंधरा तारखेला तो आपल्या डोक्यावर, मग चौदाला कुणाच्या होता?"

या एका प्रश्नावर आमचा सगळा मे महिना गेला.

सूर्य या दिवसांत रोज जरा जरा उत्तरेला सरकतो. अक्षांशाच्या एका अंशाला साधारण चार दिवस लागतात. मुंबई एकोणीस अंशांवर, मालवण सोळाच्या किंचित वर. नकाशा जमिनीवर पसरून लेकीने उलटी मोजणी केली: ४ मे मालवण, ८ मे रत्नागिरी, ११ मे हर्णै, १४ मे अलिबाग आणि १५ ला घरी गच्चीत. म्हणजे सूर्याबरोबर कोकणातून वर वर येत घरी पोचायचं. नवऱ्याला चार तारखेपासून दहा दिवस रजा मिळाली, हा त्यातला खरा चमत्कार.

सामान म्हणजे एक मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप, वही आणि ओळंबा (पाइप सरळ उभा आहे ना ते बघायला दोरीला बांधलेलं वजन). खालच्या मजल्यावर काम चाललं होतं तिथल्या गवंडीकाकांनी ओळंबा दिला आणि वर लेकीला तो धरायलाही शिकवलं. दोरी हलायची थांबेपर्यंत श्वास रोखायचा म्हणे. तेवढ्याच लांबीचा दुसरा पाइप आजोबांकडे दादरला ठेवला. त्यांचे गुडघे एसटीला तयार नव्हते.

आजी मात्र निघाल्या. वय ७६. पंच्याहत्तरीपुढे एसटीत तिकीट नाही, त्यामुळे प्रत्येक कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

दादरहून रात्री तुतारी एक्सप्रेसने कुडाळ, तिथून एसटी. रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा. धाकट्याला त्यासाठी पहाटे उठवलं, कारण त्याने तशी शपथ घातली होती. अंधारात घड्याळाचा काटा बघत त्याने मोजलं, साडेसहा मिनिटं. "म्हणजे मिनिटाला एक!" आणि पुन्हा झोपला. ताशी साठ कसे ते त्याचं त्यानेच दुपारी कधीतरी काढलं, माझ्याकडे न येता.

मालवणचा दिवस नीट सांगते. आजींच्या माहेरचं खळं शेणाने सारवलेलं, त्यावर सावली स्वच्छ उमटते. बारापासून पाइप उभा. सावली उत्तरेकडे नाही की दक्षिणेकडे नाही, नुसती पश्चिमेला, आणि कुणीतरी दोरी आत ओढावी तशी आखडत चाललेली. १२:३० ला बोटभर. मग पाइपच्या बुडाशी नुसती एक काळी कड. ३३ ला तीही गेली. नवऱ्याने पाइप दोन बोटं वर उचलला आणि खाली सावलीची बांगडी पडली, तिच्या मधोमध उन्हाचा रुपया. ऊन पाइपमधून सरळ खाली उतरलं होतं. कुणी काही बोललं नाही. धाकट्याने त्या रुपयावर तळहात ठेवला आणि "गरम आहे" म्हणाला. मग तो पाइपमधून वर बघायला गेला तेव्हा आजींनी पाठीत धपाटा घातला. (हे गमतीत घेऊ नका. पाइपमधून सूर्याकडे बघायचं नाही, कधीच नाही.)

त्याच वेळी आजोबांनी दादरला गच्चीत सावली मोजून फोन केला. मीटरभर पाइपची सावली साडेपाच सेंटिमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून दादर ते मालवण सरळ उत्तर-दक्षिण अंतर साधारण ३३० किमी निघालं होतं. मग खळ्यातच खडूने त्रैराशिक: साडेपाचाला शंभर (सावलीला पाइप), तर ३३० ला किती (अंतराला त्रिज्या)? लेकीने दोनदा केलं. ६०००. ही पृथ्वीची त्रिज्या, किलोमीटरमध्ये. पुस्तकात ६३७१ आहे. एक पीव्हीसीचा पाइप, एक फोन आणि गुडघेदुखीवाले आजोबा, त्यातून एवढं जवळ! इरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये बावीसशे वर्षांपूर्वी हाच हिशेब केला होता हे मी नंतर सांगितलं. लेक म्हणाली, "आधी का नाही सांगितलंस?" आधी सांगितलं असतं तर तिने केलं नसतं, असं मला वाटतं.

पुढचं उद्या लिहिते. डोळे मिटतायत.

कर्जत_स्लो | १७ मे, रात्री ११:४०

उन्हाचा रुपया! पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).
एक व्यावहारिक शंका: एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढला होता का? चार दिवसांचा आणि सात दिवसांचा मिळतो. ४ ते १४ म्हणजे ११ दिवस, ७ + ४ बरोब्बर बसतात!

मूगडाळ | १८ मे, सकाळी ७:२०

वाचतेय. आमच्याकडे मे महिना म्हणजे शिबिरं. सकाळी पोहणं, दुपारी रोबोटिक्स, संध्याकाळी अबॅकस. पोरगा जूनमध्ये दमून शाळेत जातो.

अंगणवेडी | १८ मे, दुपारी २:१०

@कर्जत_स्लो: ७ + ४ चा मोह आम्हालाही झाला होता. लेकीने हिशेब मांडला. पास परवडतो तो रोज लांबचा प्रवास करणाऱ्याला. आम्ही दोन-तीन दिवस एका ठिकाणी बसणार. शिवाय बायकांना अर्धं तिकीट, मुलांना अर्धं, आजी फुकट. पूर्ण तिकीट एकट्या नवऱ्याचं. "बाबांसाठी पाच पास कशाला?" हे तिचं वाक्य. सुटं तिकीटच स्वस्त पडलं.

आता पुढचं. ८ मेला रत्नागिरीत फजिती. सव्वाबाराला ढग आले ते पाऊण वाजेपर्यंत हललेच नाहीत. धाकटा रडला. त्याला थिबा राजवाड्यात नेलं. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी त्याच्या मुलखातून उचलून इथे आणून ठेवलं आणि तो १९१६ मध्ये इथेच वारला, हे ऐकून त्याने विचारलं, "त्याला सुट्टी कधी मिळाली?" काय उत्तर देणार.

११ ला हर्णै गाठायचं होतं. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ, तिथून दापोली, पुढे हर्णै. बस उशिरा. १२:२० झाले आणि आम्ही अजून दापोलीच्या स्टँडवरच. लेक म्हणाली इथेच करू, दापोली काही फार खाली नाही. स्टँडच्या कोपऱ्यात पाइप उभा केला, ओळंबा लावला. पाच मिनिटांत पंचवीस माणसं. "काय मोजताय, रस्ता रुंद होतोय काय?" एका कंडक्टरमामांनी ओळंब्याची दोरी हातात घेतली आणि ती सोडेनात. त्यांच्या गाडीची वेळ झाली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मामा हलेनात. सावली बुडाशी गेल्यावर त्यांनी तोंडानेच दोनदा "टण टण" केलं आणि गाडीकडे पळाले. धाकटा तेव्हापासून कुठलंही काम संपलं की टण टण करतो. कंटाळा आलाय आता.

संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव. तिथे आकडे कानाला ऐकूच येत नाहीत इतके भरभर सुटतात. लेकीने अर्धा तास उभं राहून एवढंच शोधून काढलं की बोली कोण लावतंय ते हातावरून नाही, मानेवरून कळतं. हे कुठल्या विषयात घालायचं मला माहीत नाही.

बोंबील_फ्राय | १८ मे, दुपारी ३:३५

ताई, हर्णै ते अलिबाग कसे आलात? किनाऱ्याने की वरून महाडवरून?

अंगणवेडी | १८ मे, दुपारी ४:००

किनाऱ्यानेच. वेसवी-बागमांडला फेरीबोट, मग श्रीवर्धन, मग दिघी-आगरदांडा फेरीबोट, मुरूड. वेळ खूप लागतो, पण मुलांना बोटीवर एसटी चढते हे बघायचं होतं. (त्या दिवशी एसटी नव्हती. टेम्पो चढला. चाललं.)

वाटेत कोर्लईला एक रात्र. तिथल्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीजमधून जन्मलेली एक वेगळीच बोली घरात बोलतात, तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. ज्या घरी उतरलो तिथल्या आज्जी आमच्या आजींशी मराठीत बोलत आणि नातवाला त्यांच्या भाषेत ओरडत. आजी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ओरडणं मात्र आपल्यासारखंच आहे गो." मग त्यांनीही ठेवणीतली मालवणी काढली. दोन म्हाताऱ्या रात्री उशिरापर्यंत एकेका माशाला काय म्हणतात ते एकमेकींना सांगत बसल्या होत्या. लेक लिहून घेत होती आणि पेंगत होती.

आणि मग अलिबाग, जिथे आम्ही बुडता बुडता राहिलो.

बोंबील_फ्राय | १८ मे, दुपारी ४:०६

कुलाबा किल्ला ना? थांबा, मी पाणी पिऊन येतो.

अंगणवेडी | १८ मे, दुपारी ४:५०

हो, तोच. ओहोटीला चालत जाता येतो. तेरा तारखेला संध्याकाळी किनाऱ्यावर एका घोडागाडीवाल्या काकांना विचारलं, उद्या ओहोटी किती वाजता? त्यांनी मोबाइल नाही काढला, कॅलेंडर नाही काढलं. "उद्या तिथी कोणती?" सप्तमी. "सातची पाऊणपट किती?" धाकटा गप्प. पाऊणपट म्हणजे काय हेच माहीत नाही. काकांनी वाळूत सात रेघा ओढल्या, प्रत्येक रेघेचे चार तुकडे केले आणि एकेक तुकडा पुसला. उरले एकवीस पाव. सव्वापाच. "सव्वापाचला भरती. सहा तासांनी सुकती. सव्वाअकराच्या आसपास उतरा." घरी दोन महिने अपूर्णांकांनी आम्हाला रडवलं होतं. वाळूत दोन मिनिटं लागली. आता हा कॅलेंडर घेऊन बसतो आणि घरात सगळ्यांना भरतीची वेळ सांगत सुटतो, दादरच्या तिसऱ्या मजल्यावर.

१४ ला साडेदहाला निघालो. आजी किनाऱ्यावर नारळपाणी पीत बसल्या. घोट्याएवढं पाणी, कुठे गुडघ्याखाली. आत गणपतीचं देऊळ, गोड्या पाण्याचं तळं, समुद्राच्या मधोमध. १२:३५ ला तटावर पाइप उभा केला, सावली गेली, टण टण झालं. तिथे निघायला हवं होतं. पण मुलं तळ्यापाशी रमली, आम्ही सावलीत बसलो, नवऱ्याचा डोळा लागला. बाहेर आलो तेव्हा सव्वादोन. जाताना जिथे घोटा होता तिथे माझी मांडी. धाकट्याला नवऱ्याने खांद्यावर घेतलं. मधे एक खळगा लागला, मी कमरेपर्यंत आत. फोन दातात धरला होता. वही मात्र पिशवीत, पिशवी पाण्यात.

घरी येऊन पानं पंख्याखाली वाळवली. आजोबांनी हौसेने लेकीला शाईचं पेन दिलं होतं, त्याने लिहिलेलं सगळं निळं तळं झालं. मालवण गेलं, दापोली गेलं. कोर्लईचे मासे राहिले, कारण तेव्हा पेन सापडत नव्हतं आणि पेन्सिल वापरली होती. आता ती सगळं पेन्सिलने लिहिते.

बोंबील_फ्राय | १८ मे, सायं. ५:३०

ताई, तुमचे काका बरोबर होते, पण अर्धंच सांगितलं त्यांनी, किंवा तुम्ही अर्धंच ऐकलंत. सप्तमी-अष्टमी म्हणजे भांग. भांगाला पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही. म्हणून जाताना तुम्हाला घोटाभर पाणी लागलं. पुनवेला, अमावास्येला उधाण असतं, तेव्हा सुकतीला पाणी लांब जातं, पायही भिजत नाहीत. पण तेव्हाची भरती दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास, म्हणजे तुमच्या सावलीच्या वेळेला किल्ल्याभोवती समुद्र. तुम्हाला दोन्ही एका दिवशी हवं होतं, तर भांगाशिवाय पर्याय नव्हता. पण मग सुकती लागल्यापासून दीड तासात परत फिरायचं, हे पोरांना पाठ करून घ्या. आमच्या आजीने मला पाठ करून घेतलं ते वेताच्या छडीने.

आणि रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे जाते. पाऊणपट तिथूनच येते, तिथीला पाऊण तास.

अंगणवेडी | १८ मे, सायं. ५:४१

'तिथीला पाऊण तास' हे वाचून घरात टण टण झालं. धन्यवाद दादा. छडी सोडून सगळं घेतलं.

गच्चीवरचा_दुर्बिणवाला | १८ मे, रात्री ९:१५

सुंदर धागा. दोन गोष्टी.

एक, तुमचा ६००० चा आकडा. सूर्य ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाची थाळी आहे. त्यामुळे मीटरभर काठीच्या टोकाची सावली कडेला जवळजवळ नऊ मिलिमीटर पुसट असते. आजोबांना साडेपाच दिसली, ती खरी पाच-सव्वापाच असणार. तीन मिलिमीटरमध्ये पावणेचारशे किलोमीटर गेले. पुढच्या वेळी काठीच्या टोकाला पुठ्ठा लावा आणि पुठ्ठ्याला टाचणीएवढं भोक. खाली सूर्याचं छोटं गोल चित्र पडेल, त्याच्या मध्यापासून मोजा.

दोन, बऱ्याच जणांना वाटतं की सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो. नाही येत. आपल्याकडे वर्षातून दोनच दिवस येतो, दिल्लीत तर कधीच नाही. लेकीला विचारा, दिल्लीला का नाही.

अवांतर: अलिबागला होतात तर चुंबकीय वेधशाळा पाहिली का? मुलांना आवडणारी गोष्ट आहे. आधी ही मोजमापं मुंबईत कुलाब्याला होत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या विजेने चुंबकसुया बिघडतील म्हणून १९०४ मध्ये सगळं अलिबागला हलवलं. ट्राम आल्या, गेल्या. वेधशाळा अजून तिथेच आहे.

फळा_खडू | १८ मे, रात्री १०:२०

मी पालिकेच्या मराठी शाळेत २६ वर्षं शिकवतोय. धागा आवडला हे आधी सांगतो, मग खडूस बोलतो.

ताई, तुमच्या मुलांमागे रजा मिळणारा बाप आहे, नोकरी सोडू शकलेली आई आहे, मालवणचं खळं आहे आणि दादरची गच्ची आहे. माझ्या वर्गात चाळीस मुलं. त्यांतल्या निम्म्यांना मे महिन्यात गाव नसतं, घरात माळाही नसतो. त्यामुळे 'शाळेत हे मिळत नाही' असं कुणी म्हणालं की माझ्या डोक्यात जातं. (तुम्ही म्हणाला नाहीत, मान्य. पण खाली कुणीतरी म्हणेलच.)

शून्य सावली मला मैदानावर दहा मिनिटांत दाखवता येईल. अडचण एवढीच की मे महिन्यात शाळा बंद, आणि दुसरी जुलैअखेर येते तेव्हा ढग. २६ वर्षांत एकदाही जमलेलं नाही. हे मनाला लागून आहे म्हणून लिहिलं.

आता प्रश्न. त्रैराशिक आलं, पाऊणपट आली. लांब भागाकार येतो का? शुद्धलेखन? आणि दहावीचं काय?

तिसरी_घंटा | १८ मे, रात्री १०:३१

सरांना +१. आणि मित्रमैत्रिणी? हा प्रश्न नेहमीचा आहे, पण टाळू नका.

अंगणवेडी | १९ मे, सकाळी ६:५०

सर, खडूस अजिबात नाही. सरळ उत्तरं देते.

लांब भागाकार लेकीला येतो, धाकट्याला नाही. शुद्धलेखन दोघांचंही वाईट. 'सुर्य' असं लिहिलेली अख्खी वही आहे आमच्याकडे (होती, समुद्राने दुरुस्त केली). लिहायचा कंटाळा ही आमच्या घरशाळेची खरी दुखरी जागा. बोलायला सांगा, तासभर बोलतील. चार ओळी लिहा म्हटलं की पोटात दुखतं. शाळेत असती तर निदान हात तरी वळला असता, हे मी स्वतःशी कबूल करते.

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या त्यांच्या पातळ्या आहेत, लेक त्यातली पाचवीची करतेय. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, त्यात घरशाळेबद्दल शब्दच नाही. त्यामुळे जो तो आपापला अर्थ लावतो. मी घाबरायचे, आता कागद नीट ठेवते.

गाव, गच्ची, रजा याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

@तिसरी_घंटा: मित्र आहेत. मे महिन्यात. सकाळपासून रात्रीपर्यंत खाली गोंधळ असतो. जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाल्या की सगळे एकदम नाहीसे होतात, दुपारी शाळा, संध्याकाळी क्लास. गेल्या वर्षी पहिल्या दिवशी धाकटा सकाळी गॅलरीत उभा होता. खाली पिवळे, निळे रेनकोट, पाठीवरून दप्तराचा फुगवटा. त्याने आत येऊन त्याचा रेनकोट घातला आणि परत जाऊन उभा राहिला. मी काही बोलले नाही. त्यावर काय बोलायचं मला अजून सुचलेलं नाही. यंदा तो स्वतःच म्हणतोय, "मला डबा घेऊन जायचंय." चौकशी करतोय.

फळा_खडू | १९ मे, सकाळी ९:०५

डबा हे अत्यंत सबळ कारण आहे. निम्मी शाळा त्यावर चालते.
'सूर्य' दीर्घ. शंभर वेळा लिहायला लावू नका, एकदा गच्चीत खडूने मोठ्ठा लिहून घ्या.

मूगडाळ | १९ मे, सकाळी ११:४८

काल पोराला हा धागा वाचून दाखवला. त्याने विचारलं, "आपण कशाच्या मागे जायचं?" रोबोटिक्सचे पैसे भरून झालेत हो.

बोंबील_फ्राय | १९ मे, दुपारी १२:३०

ओहोटीच्या मागे जा. गिरगाव चौपाटीला, हाजी अलीला खडकांत जा, पुनवेच्या आसपास, सुकतीला. शंखातले खेकडे, समुद्रफुलं, खडकाला चिकटलेले कालव, सगळं आपल्या मुंबईतच. पैसे नाहीत लागत. जुनी चप्पल लागते, आणि घड्याळ.

नाशिककर_मामा | २० मे, दुपारी १:१०

धागालेखिकेचा सख्खा भाऊ, वाचनमात्र होतो, भाचीच्या हुकमावरून सभासद झालो. आज नाशिकचा दिवस. गच्चीत लाटणं उभं केलं. १२:३१ ला सावली गायब. फोटो पाठवला तर भाची विचारते ओळंबा लावला होता का. नव्हता. 'मग ग्राह्य नाही' असं उत्तर आलंय.

गच्चीवरचा_दुर्बिणवाला | २० मे, दुपारी १:२२

भाचीचं बरोबर आहे.

मूगडाळ | २४ मे, रात्री ८:००

काल पौर्णिमा होती. आज संध्याकाळी गिरगावला गेलो. पोराने एका शंखाला हात लावला आणि तो चालायला लागला. किंचाळी हँगिंग गार्डनपर्यंत गेली असेल. अबॅकस बुडलं.

कर्जत_स्लो | १८ जून, सकाळी १०:१५

@अंगणवेडी, डब्याचं काय झालं?

अंगणवेडी | १८ जून, रात्री ९:३०

परवापासून जातोय. जवळच्याच शाळेत, दुपारची, चौथीत. पहिल्या दिवशी येऊन म्हणाला, "तिथे खूप वेळ गप्प बसावं लागतं." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "पण डबा चार जणांत खातात." आज काहीच म्हणाला नाही, सरळ खाली खेळायला गेला. लेक घरीच. तिला घर मोठं वाटतंय आणि ते तिला आवडतंय की नाही ते तिचं ठरत नाहीये.

घरशाळावाल्या ग्रुपमध्ये दोघींनी मला 'असं मधेच सोडायचं नसतं' म्हणून ऐकवलं. मुलगा आहे, उपवास नाही.

अंगणवेडी | २८ जुलै, दुपारी ३:२०

आज दादरला दुसरी शून्य सावली. आजोबा छत्री घेऊन गच्चीत, लेक पुठ्ठ्याला भोक पाडून तयार. १२ ते १ धो धो. सूर्य सोडा, समोरची बिल्डिंगही दिसली नाही. आजोबा म्हणाले, तत्त्वतः सावली शून्यच होती.

धाकट्याने शाळेत बाईंना सांगितलं, आज पावणेएकला सावली जाते, मैदानात चला. बाई म्हणाल्या, ढग आहेत, बस खाली. तो बसला. पण मागून येऊन बाईंनी विचारलं म्हणे की तुला कसं माहीत. सरांना (फळा_खडू) हे कळवायला सांगितलंय त्याने.

@गच्चीवरचा_दुर्बिणवाला, लेकीचा प्रश्न. मे महिन्यात वेळ १२:३५ होती, आज तक्त्यात १२:४५ आहे. दादर तिथेच आहे, गच्ची तिथेच आहे. दहा मिनिटं कुठे गेली?

फळा_खडू | २८ जुलै, सायं. ६:४०

सत्ताविसावं वर्षही गेलं. बाईंना माझा नमस्कार सांगा, ढग खरंच होते. मीही तेच म्हणालो आज.

गच्चीवरचा_दुर्बिणवाला | २८ जुलै, रात्री ८:०५

लेकीला शाबास. घड्याळ वर्षभर एका चालीने चालतं, सूर्य तसा चालत नाही, कधी पुढे असतो, कधी मागे. पृथ्वीची वाट लंबगोल आहे आणि तिचा आस कललेला आहे म्हणून. पण माझं ऐकून गप्प बसायला सांगू नका. रोज घड्याळाच्या एकाच मिनिटाला, समजा १२:४० ला, काठीच्या टोकाची सावली जिथे पडेल तिथे गच्चीत खूण करायची. वर्षभर. काय आकार होतो ते तिने मला सांगायचं, मी नाही सांगणार.

अंगणवेडी | २८ जुलै, रात्री ८:३०

सेक्रेटरींना विचारलं. गच्चीत ऑइलपेंटच्या खुणा करायला सक्त मनाई, वॉटरप्रूफिंग नवीन आहे. खडू चालेल म्हणाले.

बोंबील_फ्राय | २८ जुलै, रात्री ८:३२

पावसात खडू?

अंगणवेडी | २८ जुलै, रात्री ८:४०

आजोबा जुना दिवाण उलटा करून बघतायत, त्याच्या फळीवर खिळे ठोकता येतील का म्हणून. दिवाणावर कोण झोपतं हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. मी झोपते.